प्रज्ञाची जन्मतारीख

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं. एकदा पोळ्या लाटताना, एकदा लातूरहून नांदेडला येताना बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंपाशी. पण दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोलले आणि सुटले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे मी ही गोष्ट मधेच कुठेतरी वळवीन, स्वतःला थोडं बरं दाखवीन — माझी ती सवय मला ठाऊक आहे.

आणि ऐकताना ती तुम्हाला लहानच वाटेल. कॉम्प्युटरवर एक आकडा होता, त्याची तारीख करायची होती. एवढंच. यात लपवण्यासारखं काय असणार?

बरीच वर्षं मीही हेच म्हणत राहिले.

तेव्हा मी लातूरला एका खासगी क्लासच्या ऑफिसात होते. क्लासचं नाव सांगत नाही, सरांचंही नाही. त्यांचा यात दोष नाही, हे मात्र आधीच सांगते. लातूरचे क्लास तुम्हाला माहीत असतील. गावोगावची मुलं येतात, खोल्या घेऊन राहतात, मेसचे डबे लावतात आणि दोन वर्षं मान खाली घालून अभ्यास करतात. मी शिकवत नव्हते. प्रवेश, हजेरी, टेस्टचे मार्क, निरनिराळ्या प्रवेश परीक्षांचे फॉर्म — हे सगळं माझ्याकडे. माझं शिक्षण बी.कॉम.चं. पण एक्सेल मला यायचं, आणि आजूबाजूच्या कुणालाच ते फारसं येत नव्हतं. त्यामुळे मी ‘एक्सेलवाल्या मॅडम’ झाले होते. शेजारच्या क्लासमधले लोकसुद्धा कधी अडले तर मला फोन करायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं.

त्या वर्षी मी मुलांची माहिती कागदावर घ्यायचं बंद केलं. मोबाइलवर एक फॉर्म बनवला, त्याची लिंक पाठवली. नाव, पत्ता, जात प्रवर्ग, जन्मतारीख — मुलांनी आपापली भरायची. जन्मतारखेत मुलं कधी रेघ घालतात, कधी टिंब, कधी तिरकी काडी, म्हणून मी त्या रकान्यात फक्त आकडे चालतील असं करून ठेवलं. वर लिहिलं, ‘मध्ये रेघ किंवा टिंब नको.’ दिवसाला दोन आकडे, महिन्याला दोन आकडे, असं लिहायला हवं होतं. ते मी लिहिलं नाही. सुचलंच नाही.

माहिती शीटमध्ये आली तेव्हा तारखा नव्हत्याच, नुसते लांबलचक आकडे होते. पाच जूनला जन्मलेल्या मुलानं सुरुवातीला शून्य टाकलं होतं, पण आकड्याच्या पुढचं शून्य एक्सेल ठेवत नाही, खाऊन टाकतं. म्हणजे कुठे आठ आकडे, कुठे सात. ऑफिसातल्या दोघी मुली हातानं एकेक तारीख नीट करायला बसणार होत्या. मी म्हटलं, थांबा. मी एक सूत्र लिहिलं. आकडे सातच असतील तर पुढे शून्य लाव, मग पहिले दोन दिवस, मधले दोन महिना, शेवटचे चार वर्ष, आणि त्याची कर तारीख. पहिल्या ओळीत टाकलं, खाली ओढलं. सगळा रकाना एका झटक्यात तारखांचा झाला. त्या दोघी बघतच राहिल्या. सर केबिनमधून उठून बघायला आले.

आता ऐका. मला त्याच दिवशी कळलं होतं.

हे वाक्य मी किती दिवस टाळत होते — मला त्याच दिवशी कळलं होतं. रकाना वरून खाली बघताना एक-दोन तारखा भलत्याच दिसल्या. बारावीतलं मूल, आणि तारीख अशी की ते अजून सातवी-आठवीत असायला हवं. मी मूळ आकडा पाहिला. पंचवीस सप्टेंबर. पण त्या मुलानं सप्टेंबर लिहिताना नुसता नऊ लिहिला होता, शून्य नऊ नाही. म्हणून आकडे सात झाले होते. माझ्या सूत्रानं त्याला दोन तारीख आणि एकोणसाठावा महिना समजून वर्षंच्या वर्षं पुढे ढकललं होतं. मला हसू आलं. मी ती तारीख हातानं नीट केली. तशा आणखी काही सापडल्या, त्याही केल्या.

आणि मग मनात आलं — ज्या चुकल्यासारख्या दिसतात त्या मी करते आहे. पण चुकलेल्या असूनही बरोबर दिसतील अशा असतील तर? एक एक एक दोन शून्य शून्य शून्य. १११२०००. हा आकडा माझ्यासमोर होता. एक नोव्हेंबर? की अकरा जानेवारी? दोन्ही होऊ शकतं. सूत्रानं एक नोव्हेंबर केलं होतं. तारीख छान दिसत होती. अशी अडचण येऊ शकेल असे आकडे फार नव्हते, बोटांवर मोजण्यासारखे. त्या मुलांना फोन करून विचारायचं, एवढंच काम. मी ठरवलंही, उद्या विचारू.

उद्या विचारलं नाही. परवाही नाही. काय आडवं आलं होतं? काहीच नाही. टेस्ट होती, पालकसभा होती, रोजचंच. खरं सांगू? सरांनी चार लोकांसमोर माझ्या सूत्राचं कौतुक केलं होतं. त्यानंतर मुलांना फोन करून ‘तुझी तारीख नक्की कोणती रे’ विचारणं मला कमीपणाचं वाटलं.

तो आकडा प्रज्ञाचा होता.

प्रज्ञा बिलोलीची. वडील बसच्या डेपोत मेकॅनिक, आई अंगणवाडीत मदतनीस. ठेंगणी, सावळी, दोन वेण्या घालायची आणि हसताना तोंडावर हात धरायची. ऑफिसात आली की स्वतःच्या टेस्टचा पेपर घ्यायची, आणि खोलीतल्या बाकी मुलींचेही मागून न्यायची — त्यांची चक्कर वाचावी म्हणून. आमच्याकडच्या सगळ्या मुलांना डॉक्टर व्हायचं असायचं. निदान त्यांच्या आईबापांना तरी. मी एकदा सहज विचारलं तेव्हा ती म्हणाली, “डॉक्टर न्हाई मॅडम, सिस्टर.” तिची आत्या भोकरला सरकारी दवाखान्यात नर्स होती. सुट्टीत ही तिच्याकडे जायची. आत्या ड्युटीवरून आली की तिच्या साडीला येणारा औषधांचा वास आपल्याला आवडतो, असं तिनं मला सांगितलं होतं. असं कुणी कुणाला सांगतं का? मला ते लक्षात राहिलं.

नर्सिंगची एक निवासी संस्था होती, दूरच्या मोठ्या शहरातली. शिक्षण, राहणं, जेवण सगळं त्यांचं, आणि पुढे नोकरीची खात्री. जागा मोजक्या. प्रज्ञानं त्याच एका परीक्षेसाठी जीव टाकला होता. फॉर्म आमच्या ऑफिसनं भरला, माझ्या शीटवरून. भरलेल्या फॉर्मची प्रत काढून मुलांकडून सही घ्यायची पद्धत होती — माहिती तपासली, बरोबर आहे. सह्या व्हरांड्यात रांगेत व्हायच्या. आतून सर ओरडायचे, लवकर करा, लेक्चर सुरू होतंय. मुलं नाव बघायची, फोटो बघायची, सही करायची. प्रज्ञानंही केली.

ती निवडली गेली.

वडील पेढे घेऊन आले. ऑइलचे डाग असलेले हात, पण शर्ट नवा, इस्त्रीचा. त्यांनी सरांना पेढा दिला, मला दिला. मग ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मावशींना हाक मारून स्वतःच्या हातानं दिला. “आमच्या घरात पयली बाहेर चालली,” एवढंच ते म्हणाले. सरांनी चौकात लावायच्या फ्लेक्सवर प्रज्ञाचा फोटो टाकायला सांगितला. तो फ्लेक्स मीच तयार करून घेतला. तिच्या नावाचं स्पेलिंग मी दोनदा तपासलं होतं, आठवतंय.

कागदपत्रांच्या तपासणीला बापलेक मिळून गेले. आणि परत आले ते घरी न जाता थेट लातूरला, क्लासवर. सकाळची वेळ होती, मी नुकतीच येऊन खुर्चीवर बसले होते. प्रज्ञाचे डोळे सुजलेले. वडील मला नमस्कार करायला विसरले नाहीत, पण त्यांचा आवाज बसला होता. फॉर्मवर जन्मतारीख एक नोव्हेंबर, दहावीच्या सर्टिफिकेटवर अकरा जानेवारी. माहितीत तफावत, अर्ज बाद. नियमच होता तसा.

“पन तिथल्या सायबानं एक रस्ता सांगितला,” ते म्हणाले. “फार्म ज्यानं भरला त्यानं लेखी द्यावं, चूक आमच्या हातनं झाली म्हनून. तसं पत्र आठ दिवसांत आलं तर बघू म्हनले.”

सर बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “मॅडम, जरा बघा काय झालंय.”

मी आत जाऊन शीट उघडली. मला शोधावं लागलं नाही. तो आकडा मला ओळखीचा होता. शेजारी माझ्या सूत्रानं केलेली तारीख.   

सर माझ्यामागे आत आले, दार लोटून घेतलं. ते हळू आवाजात म्हणाले — आणि हे शब्द मी अजून जसेच्या तसे सांगू शकते — “मॅडम, खरं सांगा. आपल्याकडनं झालीय का चूक? झाली असंल तर मी आत्ता लेटरहेडवर लिहून देतो. पोरीचं वर्ष जायला नको.”

बघा. माणूस पत्र द्यायला तयार होता. रागावलाही नव्हता. मी एक ‘हो’ म्हणायचा होता. फार तर ‘बहुतेक हो.’

मी म्हणाले, “नाही सर. तिनंच तसं भरलंय.”

आणि यातली मेख तुमच्या लक्षात आली का? ते वाक्य सरळसरळ खोटंही नव्हतं. आकडा तिनंच टाकला होता, तिच्याच मोबाइलवरून. एक शून्य कमी होतं, जे टाकायला मी सांगितलंच नव्हतं. ते वाक्य मी शोधलं नव्हतं, ते आपोआप आलं. इतकं सफाईदार, की मीच चकित झाले. मी सरांना शीट दाखवली नाही. फायलीतून तिच्या सहीची प्रत काढून त्यांच्या हातात दिली. सर म्हणाले, “मग आपण खोटं कसं लिहून देणार?” आणि बरोबरच होतं त्यांचं.

तीच प्रत मी बाहेर आणून वडिलांपुढे ठेवली. “माहिती मुलंच भरतात,” मी म्हटलं. “तपासून सही पण केली आहे तिनं. ही बघा.”

वडिलांनी सही पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं.

“मी बरोबरच टाकलं होतं पप्पा,” प्रज्ञा म्हणाली.

“मंग ही सही कुनाची हाय?”

ती त्या कागदाकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता माझ्याकडे बघेल. तिनं नाही पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होत गेलं ते मी पाहिलं आहे — आधी नक्की होतं, मग शंका, मग ती शंका मोठी होत गेली. आपल्यालाच आपली खात्री वाटेनाशी होते, तशी. शेवटी ती म्हणाली, “असंल... माझ्याच हातनं झालं असंल.”

“सही करताना काय बघून राहिली होतीस तू?” वडिलांचा हात उठला.

मी मधे गेले. त्यांचा हात धरला आणि म्हणाले, “मारू नका. लहान आहे. होतं असं मुलांकडून.”

होतं असं मुलांकडून.

मी काय केलं ते तुम्हाला कळतंय ना? खोटं बोलणं वेगळं. पण माझ्या चुकीबद्दल मी त्या मुलीला माफ केलं — तिच्या बापासमोर, मोठ्या मनानं. आणि त्यांनी हात खाली घेतला, माझ्यापुढे दोन्ही हात जोडले. “तुमचे उपकार हायेत मॅडम,” म्हणाले. “तुमी होता म्हनून.” ऑफिसातल्या मुलींना ते बघून भरून आलं. दुपारी डबा खाताना एक म्हणाली, मॅडम, तुमच्याइतकं पालकांना कुणी समजावू शकत नाही. मी पोळी खात होते. खाल्ली मी ती.

त्याच दुपारी मी तारखांचा रकाना पक्का केला, म्हणजे सूत्र काढून नुसत्या तारखा ठेवल्या. आणि मूळ आकड्यांचा रकाना पुसून टाकला. मोबाइलवरच्या फॉर्मची उत्तरंही उडवली. पत्राची ती आठ दिवसांची मुदत तेव्हा अजून पुरती बाकी होती. हे काही घाबरून, गोंधळून झालेलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढून, नीट बसून केलं ते.

तुम्ही विचाराल, कशासाठी? मला काय मिळणार होतं?

क्लासची शाखा नांदेडला निघत होती. तिची जबाबदारी माझ्याकडे द्यायचं सरांनी जवळजवळ ठरवलं होतं. नवऱ्याची बदली नांदेडलाच झाली होती, घर एका जागी येणार होतं. हे कारण आहे. पण एवढंच आहे का? सर त्या चुकीसाठी मला काढणार नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होतं. फार तर म्हणाले असते, पुढच्या वेळी जपा. मला एवढंही ऐकायचं नव्हतं. ‘एक्सेलवाल्या मॅडम’चं एक सूत्र चुकलं, हे मला ऑफिसातल्या त्या दोन मुलींना कळू द्यायचं नव्हतं. त्याच्यापुढे एका मुलीचं आयुष्य — नाही, आयुष्य हा शब्द तेव्हा माझ्या डोक्यात आलाच नाही. माझ्या डोक्यात आलं, पुढच्या वर्षी देईल परत.

आणि आणखी एक प्रश्न आहे. तो मी स्वतःला फार उशिरा विचारला. ही मुलगी आमच्या गल्लीतली असती, आमच्यातली असती, तिची आई माझ्या आईच्या शाळेत शिक्षिका असती — तर मी इतक्या सहज ‘नाही’ म्हणाले असते का? प्रज्ञाच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध असणार, तिच्या वडिलांनी ओळख झाली तेव्हा मला ‘जयभीम मॅडम’ म्हणून मग जरा थांबून ‘नमस्कार’ म्हटलं होतं. मी जात मानत नाही, असं मी नेहमी म्हणायचे. आजही कुणी विचारलं तर तेच तोंडातून येईल. पण त्या दिवशी मला खात्री होती की हे लोक कुणाकडे जाणार नाहीत. भांडणार नाहीत. कुणा ओळखीच्या माणसाचा फोन मला येणार नाही. ही खात्री मला कुठून आली होती? प्रज्ञाच्या जागी दुसरी कुणी असती तर ती खात्री वाटली असती का?

याचं उत्तर मला माहीत आहे. तुम्हालाही आहे.

फ्लेक्स उतरवायला मीच सांगितला.

नंतर मी नांदेडला आले. शाखा चालली, बरी चालली. प्रज्ञाबद्दल अधूनमधून कानावर यायचं, मी मुद्दाम विचारत नसे. तिच्या खोलीत राहणारी एक मुलगी भेटली होती, तिनं सांगितलं की प्रज्ञाला वडिलांनी बिलोलीला परत नेलं. पुन्हा परीक्षेला बसवलं नाही. एक वेळ मोका दिला, तो हिनं घालवला, आता धाकट्याचं बघायचं, असं म्हणाले. ती तिथेच बी.ए. करते आहे. ‘ती पहिल्यासारखी बोलत नाही मॅडम,’ ती मुलगी म्हणाली. मी म्हटलं, अरेरे. खरंच म्हटलं मी — अरेरे.

मग बरीच वर्षं काही नाही. विसरले होते असं म्हणणार नाही. पण रोज आठवत होतं असंही नाही. खरं म्हणजे तेच जास्त वाईट आहे.

काही महिन्यांपूर्वी आईला माझ्याकडे आणलं. तिला थायरॉइड आहे, शुगर आहे, सारख्या रक्ताच्या तपासण्या लागतात. घराजवळच्या एका लॅबमध्ये तिला घेऊन गेले. दुपारची वेळ, लॅब रिकामी. काउंटरवरची मुलगी खाली बघून टाइप करत होती. नाव विचारलं, सांगितलं. मग म्हणाली, “वय नको, जन्मतारीख सांगा. दिवस सांगा, आन् महिना नावानं सांगा.”

महिना नावानं. मी तिच्याकडे पाहिलं. वेण्या नव्हत्या, केस कापलेले होते. पण तिनं मान वर केली आणि हसली, आणि हात तोंडापाशी गेला.

“मॅडम? लातूरच्या ना तुम्ही?”

ती काउंटरच्या बाहेर आली. आईला पाठीची खुर्ची आणून दिली, पंखा तिच्याकडे वळवला. माझा हात हातात घेतला. बी.ए. झालं, मग इथे एक कॉम्प्युटरचा कोर्स केला, आता इथेच नोंदणीचं काम बघते. खोली करून राहते, भाऊ पण इथेच शिकतोय. सगळं नीट सांगत होती ती, तक्रारीचा सूर कुठेही नाही. मी विचारलं, वडील कसे आहेत?

“पप्पा गेले मॅडम.”

मी हातातली आईची फाइल काउंटरवर ठेवली.

“लई दिवस आजारी होते,” ती म्हणाली. “दवाखान्यात सिस्टर आली की तिच्याकडं बघत राहायचे. शेवटपर्यंत त्यांच्या मनातनं ते गेलं न्हाई. कुनी पाव्हना आला की सांगायचे, आमच्या पोरीनं एक तारीख नीट टाकली असती तर आज ही बी सिस्टर असती. रागानं न्हाई हो, हळहळून. मी म्हनायचे, हाव पप्पा, माझीच चूक झाली.” मग ती जरा हसली. “म्हनून बघा ना, आता कुनी आलं की मी महिना नावानंच विचारते. लोक वैतागतात.”

आमच्यामागे कुणी उभं नव्हतं. फोन वाजत नव्हता. आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती. यापेक्षा बरी वेळ मला मिळाली नसती, हे मला तिथे उभी असतानाच कळत होतं. तोंड उघडलं मी. प्रज्ञा, ऐक, ती चूक तुझी नव्हती — इतकं सोपं वाक्य आहे हे.

तेवढ्यात तीच म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी मधी पडलात मॅडम. पप्पांचा हात धरलात. ते मी विसरले न्हाई कधी. बाकी सगळे नुसते बघत होते.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि आईची जन्मतारीख सांगितली. दिवस, महिना नावानं, वर्ष. तिनं टाइप केली, मोठ्यानं वाचून दाखवली, “बरोबर का मॅडम?” म्हणून विचारलं. मी म्हटलं, बरोबर.

रिक्षात आई म्हणाली, “किती गुणाची मुलगी गं. तू काहीतरी चांगलं केलं असशील तिचं, म्हणून इतकं धरून आहे.” मी म्हटलं, “हं.”

मागच्या वेळी मी घाबरले होते, लहान होते, नोकरी नवी होती — असं काही म्हणायला आता जागा उरलेली नाही. या वेळी घाबरण्यासारखं काय होतं? क्लास मी केव्हाच सोडला आहे. सर आता मला ओळखतील की नाही, तेही सांगता येत नाही. माझं काहीच जाणार नव्हतं. गेलं असतं ते एवढंच, की एक मुलगी माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती त्या नजरेनं तिनं पुन्हा बघितलं नसतं. ती नजर मी ठेवून घेतली. तिच्या वडिलांना तर आता कुणीच काही सांगू शकणार नाही. तिला सांगू शकणारी या जगात एकटी मी आहे, आणि ती मी आहे.

रिपोर्ट आणायला मी गेले नाही, नवऱ्याला पाठवलं. त्यानंतर आईला मी दुसऱ्या लॅबमध्ये नेते. ती लांब आहे, रिक्षा करावी लागते, जिना चढताना आईला धाप लागते. परवा पायऱ्यांवर थांबून तिनं विचारलं, “त्या मुलीकडे का जात नाही गं आपण? घराजवळ होतं.”

मी म्हटलं, तिथं फार गर्दी असते.

तिथं गर्दी नसते.